आतड्याच्या कॅन्सरसाठी नॅनोपार्टिकल बनवणाऱ्या सर-मॅडमना आणि पीएचडीच्या मुलामुलींना खुलं पत्र

नमस्कार,

महाराष्ट्रातल्या फार्मसी कॉलेजांत, विद्यापीठांच्या बायोटेक आणि नॅनोसायन्स विभागांत, राष्ट्रीय संस्थांच्या लॅबमध्ये जे कोणी मोठ्या आतड्याच्या आणि रेक्टमच्या म्हणजे गुदाशयाच्या कॅन्सरवर नॅनोमेडिसिन, म्हणजे औषध वाहून नेणारे अतिसूक्ष्म कण, बनवताय त्या सगळ्यांना हे पत्र. मी एका हॉस्पिटलच्या केमो डे-केअरमध्ये फार्मासिस्ट आहे. एम.फार्म. फार्मास्युटिक्समधूनच केलंय, त्यामुळे पार्टिकल साइझ, झीटा पोटेन्शियल, एन्ट्रॅपमेंट एफिशियन्सी ही तुमची भाषा माझीही आहे आणि तुमची मेहनत मला कळते. रात्री दोन वाजता डायलिसिस बॅग बदलायला लॅबमध्ये येणारी मुलं मी बघितलीयेत. म्हणूनच जरा हक्काने लिहितेय.

तुमचे पेपर मी नियमित वाचते. आणि वाचताना एकच गोष्ट सतत टोचते की आपल्याकडचं बहुतेक काम कणापासून सुरू होतं, आजारापासून नाही. आधी ठरतं की कण कशाचा करायचा, कायटोसान घ्यायचं का पीएलजीए का सोनं का सिल्व्हर, मग ठरतं त्यात काय भरायचं, आणि सगळ्यात शेवटी ठरतं की कुठल्या कॅन्सरवर टेस्ट करायचं, तेही बऱ्याचदा शेजारच्या लॅबकडे कुठली सेल लाइन (लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या कॅन्सर पेशी) पडलीये त्यावरून. माझी विनंती एवढीच आहे की हा क्रम उलटा करा.

आता उलटा म्हणजे काय ते सांगते, तुम्हाला यातलं बरंच माहिती असेल तरी.

मोठ्या आतड्याचा कॅन्सर कसा तयार होतो याचा रस्ता जितका नीट माहिती आहे तितका फार थोड्या कॅन्सरचा माहिती आहे. १९९० साली फिअरन आणि फोगेलस्टाइन यांनी मांडलं की साध्या पॉलिपपासून कॅन्सरपर्यंत जाताना जीन्स टप्प्याटप्प्याने बिघडत जातात, बहुतेक वेळा आधी एपीसी, मग केरास, मग पुढे एसमॅड-४ आणि पी-५३ वगैरे, आणि या सगळ्याला दहा-दहा वर्षंही लागतात. एपीसी साधारण ८० टक्के रुग्णांच्या गाठीत बिघडलेलं सापडतं. त्याचं काम काय, तर ॲक्सिन आणि जीएसके-३-बीटा सोबत मिळून पेशीतलं बीटा-कॅटेनिन नावाचं प्रोटीन सतत नष्ट करत राहायचं. घंटागाडी यायची बंद झाली की गल्लीत कचरा साठत जातो तसं एपीसी गेलं की बीटा-कॅटेनिन साठतं, न्यूक्लियसमध्ये शिरतं, टीसीएफ नावाच्या प्रोटीनला चिकटतं आणि एमवायसी, सायक्लिन-डी-१ सारखी वाढीची जीन्स चालूच ठेवतं. बाहेरून कुठला सिग्नल येण्याची गरजच उरत नाही. म्हणून पेशीच्या बाहेरच्या टप्प्यावर डब्ल्यूएनटी हा वाढीचा सिग्नल अडवणारी औषधं एपीसी गेलेल्या गाठीत फारशी उपयोगी पडत नाहीत, बिघाड त्याच्या खालच्या बाजूला झालेला असतो ना. आणि बीटा-कॅटेनिनवर थेट चिकटेल असा छोटा रेणू बनवणं किती अवघड आहे हे सगळी इंडस्ट्री बघतेय.

केरास साधारण ४० टक्के रुग्णांत बिघडलेलं असतं. हा रिपोर्ट आला की सेटुक्सिमॅब आणि पॅनिटुमुमॅब बहुतेक वेळा बाद, कारण ती औषधं पेशीवरचा ईजीएफआर हा रिसेप्टर बंद करतात आणि केरास खालून चालूच राहतं. मग बी-रॅफ जीनमधला व्ही-६००-ई हा बदल, साधारण ८ ते १० टक्के, यांचा आजार जास्त आक्रमक. आणि एक वेगळाच गट म्हणजे एमएसआय-हाय, ज्यांच्यात डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६, पीएमएस-२ यातली यंत्रणा बंद पडलेली असते, सगळे स्टेज धरून साधारण १५ टक्के, पण शरीरात पसरलेल्या आजारात फक्त ५ टक्क्यांच्या आसपास. या लोकांच्या गाठीत इतके बदल साठतात की इम्यून सिस्टिमला गाठ परकी दिसू लागते, म्हणून इम्युनोथेरपी यांच्यावर जबरदस्त चालते. २०२२ साली न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंगमधून रिपोर्ट आला होता, असे रेक्टमचे १२ रुग्ण, फक्त डोस्टार्लिमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दिलं, बाराच्या बारा जणांची गाठ दिसेनाशी झाली, ऑपरेशन नाही रेडिएशन नाही. ज्यांना पोटावर कायमची पिशवी लागू शकली असती अशी माणसं होती ती. मी तो पेपर सकाळी ड्यूटीवर जाताना बसमध्ये वाचला आणि दिवसभर डोक्यातून गेला नाही.

म्हणजे बघा, एकाच नावाखाली वेगवेगळे आजार आहेत आणि प्रत्येकाची बिघडलेली जागा वेगळी आहे. आता तुमच्या सेल लाइन्सकडे येऊ.

एचसीटी-११६ आपल्याकडे सगळ्यात जास्त वापरली जाणाऱ्यांपैकी एक. तिच्यात एपीसी शाबूत आहे, बिघाड बीटा-कॅटेनिनमध्येच आहे. केरास जी-१३-डी आहे. पी-५३ नॉर्मल आहे. आणि एमएलएच-१ बंद आहे म्हणजे ती एमएसआय गटातली आहे. आता याच सेल लाइनवर ५-एफयू हे केमोचं औषध भरलेला नॅनोपार्टिकल टेस्ट करून 'कोलन कॅन्सरवर प्रभावी' असं लिहिलं जातं, तर हे कुठल्या रुग्णाबद्दल बोलतोय आपण? प्रत्यक्ष दवाखान्यात एमएसआय असलेल्या स्टेज दोनच्या रुग्णाला नुसतं ५-एफयू द्यायचं टाळतात कारण फायदा दिसत नाही. एचटी-२९ घ्या, तिच्यात एपीसी तुटलेलं, बी-रॅफ व्ही-६००-ई, पी-५३ बिघडलेलं, केरास नॉर्मल. म्हणजे जवळजवळ उलटी. या दोन लाइन्सवर आयसी-५० (निम्मी वाढ रोखायला लागणारं औषधाचं प्रमाण) वेगळा आला तर पेपरमध्ये 'सेल अपटेकमधला फरक' एवढंच लिहून पुढे जातात, तिथे थांबून विचार केला तर खरं शिकायला मिळणार होतं. आणि एचटी-२९ ही १९६४ साली एका ४४ वर्षांच्या गोऱ्या बाईच्या गाठीतून काढलेली आहे. लाइन वाईट नाही, तिच्यामुळे खूप काही कळलंय, पण आपल्या वॉर्डमधला माणूस तिच्यात नाहीये.

आपल्या वॉर्डमधला माणूस कोण ते सांगते. टाटा मेमोरियलने २०१७ मध्ये त्यांच्या ८०० रुग्णांचा आढावा छापला होता, त्यात सरासरी वय ४७ च्या आसपास, रेक्टमचा आजार जास्त, आणि सिग्नेट रिंग प्रकार १३ टक्के. पाश्चात्य देशांत हा प्रकार साधारण १ टक्का असतो. हा एक आकडा तुमच्या डेस्कसमोर लिहून ठेवावा असं मला मनापासून वाटतं. सिग्नेट रिंग म्हणजे पेशीत म्युकस साठून न्यूक्लियस कडेला ढकललेला, हा आजार तरुणांत जास्त, उशिरा कळतो, आणि लिव्हरपेक्षा पोटाच्या आवरणावर म्हणजे पेरिटोनियमवर पसरायची त्याची खोड असते. भारतात वर्षाला साधारण ६५ ते ७० हजार नवे रुग्ण होतात असा अंदाज आहे, अमेरिकेच्या मानाने दर कमी आहे हे खरं, पण येणारी माणसं बघाल तर पस्तिशी-चाळिशीतली, दोन वर्षं मूळव्याध समजून औषधं घेतलेली. त्यांच्यासाठी बनवलेला नॅनोपार्टिकल मी अजून वाचलेला नाही.

आता कणाबद्दल थोडं, कारण तिथेही आपण एक गोष्ट फार सहज गृहीत धरतो. प्रत्येक पेपरच्या इंट्रोडक्शनमध्ये ईपीआर इफेक्ट असतोच, १९८६ चा मात्सुमुरा आणि माएदांचा, की गाठीच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात त्यामुळे कण आपोआप तिथे साठतात. उंदरात बऱ्यापैकी खरं आहे. पण २०१६ मध्ये टोरोंटोच्या टीमने मागच्या दहा वर्षांतले उंदरांवरचे पेपर एकत्र करून बघितले तर दिलेल्या डोसपैकी गाठीत पोचलेला हिस्सा मेडियन ०.७ टक्के निघाला. तेही उंदरात. आणि उंदीर किती असतो, २० ग्रॅम, त्याच्या कुशीत कातडीखाली १ ग्रॅमची गाठ म्हणजे शरीराच्या ५ टक्के झाली, ६० किलोच्या माणसात तेवढ्या हिशोबाने ३ किलोची गाठ होईल. दोन-तीन आठवड्यांत भराभर वाढलेली गाठ आणि दहा वर्षांत हळूहळू वाढलेली गाठ यांच्या रक्तवाहिन्या सारख्या कशा असतील. उरलेले ९९ टक्के कण कुठे जातात तर बहुतेक लिव्हर आणि स्प्लीनमध्ये, लिव्हरमधल्या कुफर पेशी खाऊन टाकतात.

म्हणून मला वाटतं की नॅनो चालतच नाही असं नाही, चालतं तिथे ते का चालतं हे बघायला पाहिजे. १९९५ मध्ये डॉक्सिल (लायपोसोम म्हणजे चरबीच्या सूक्ष्म फुग्यात भरलेलं डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध) आलं, त्यात फायदा मुख्यतः हा की डॉक्सोरुबिसिन हार्टपासून लांब राहिलं. २००५ मध्ये अल्ब्युमिनमधलं पॅक्लिटॅक्सेल आलं, तिथे औषध विरघळवायला वापरलेलं क्रेमोफोर काढून टाकता आलं ज्याने रुग्णांना रिॲक्शन यायच्या. २०१५ मध्ये लायपोसोमल आयरिनोटेकान पॅन्क्रियाजच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. तिन्हींमध्ये एक ठरावीक त्रास किंवा एक ठरावीक अडचण समोर ठेवून काम झालंय. आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी अमेरिकेच्या एफडीएच्या मंजूर यादीत नॅनो केमोचं एकही औषध नाही, एवढे हजारो पेपर निघूनसुद्धा. हे मी तुम्हाला नाउमेद करायला लिहीत नाहीये, जागा पूर्ण मोकळी आहे हे सांगायला लिहितेय.

आपल्याकडे बनवता येत नाही असंही नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा झाला तेव्हा सन फार्माचं लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन तिकडे पाठवलं गेलं. पुण्याच्या जेनोव्हाने २ ते ८ डिग्रीला टिकणारी एमआरएनए लस बनवून २०२२ मध्ये परवानगी मिळवली. आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियलने मिळून केलेल्या कार-टी सेल थेरपीला (रुग्णाच्याच इम्यून पेशी बदलून परत द्यायच्या) ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, ती नॅनो नाही, ब्लड कॅन्सरसाठी आहे, पण इंजिनियर आणि डॉक्टर वर्षानुवर्षं एका टेबलावर बसले की काय होतं ते दिसलं ना सगळ्यांना.

मग आजारापासून सुरू केलं तर काय काय करण्यासारखं दिसतं, मला दिसतं तेवढं सांगते.

सगळ्यात आधी पेरिटोनियम. पोटात पसरलेल्या आजारासाठी ऑपरेशन करून गरम केमो आत फिरवतात, हायपेक म्हणतात. फ्रान्सच्या मोठ्या ट्रायलमध्ये, प्रॉडिज-७, रिझल्ट २०२१ ला छापून आले, फक्त ऑपरेशन आणि ऑपरेशन अधिक ३० मिनिटांचं गरम ऑक्सॅलिप्लॅटिन यांत जगण्याच्या काळात फरकच आला नाही, दोन्हीकडे साधारण ४१ महिने. आता विचार करा, ऑक्सॅलिप्लॅटिनसारखा छोटा रेणू पेरिटोनियममधून भराभर रक्तात निघून जातो, आणि वेळ फक्त अर्धा तास. कण मोठा असेल तर तो केशवाहिन्यांतून निसटत नाही, लिम्फमधून हळूहळू जातो, पोटात टिकून राहतो. इथे ईपीआरची आशा करायची गरजच नाही, कण आपण स्वतः आजाराच्या जागी नेऊन ठेवणार आहोत. आणि आपल्याकडे सिग्नेट रिंगवाले रुग्ण जास्त, म्हणजे गरजही आपली. एखाद्या लॅबने पुढची पाच वर्षं फक्त यावर घालवावी असं मला फार वाटतं. अडचणी आहेतच, म्युकसचा जाड थर आहे, पोटात चिकटून आतडी जुळायची भीती आहे, पण अडचणी खऱ्या असतील तर पीएचडीही खरी होते.

दुसरं, तोंडाने घ्यायचे कोलन टार्गेटेड कण. युड्राजिटचं कोटिंग, पेक्टिन, गवार गम, यावर आपल्या कॉलेजांचं खूप काम आहे आणि ते काम चांगलं आहे. पण ते पसरलेल्या कॅन्सरसाठी म्हणून लिहिलं जातं तेव्हा मी विचारात पडते, कारण बऱ्याच रुग्णांची आतड्यातली गाठ सर्जनने काढलेली असते आणि औषध हवं असतं ते लिव्हरमधल्या डागांना. मात्र एफएपी हा आनुवंशिक आजार असलेल्या घरांना याची खरी गरज आहे. जन्मतःच एपीसीची एक कॉपी बिघडलेली, विशीच्या आतच शेकडो पॉलिप्स, आणि पूर्ण मोठं आतडं काढायला लागतं. सेलेकॉक्सिब या सूज-दुखीच्या औषधाने पॉलिप कमी होतात हे ट्रायलमध्ये दिसलंय पण हार्टचा धोका वाढतो म्हणून ते वर्षानुवर्षं देता येत नाही. औषध आतड्याच्या आतल्या थराला मिळालं आणि रक्तात कमी गेलं तर? तुमचं सगळं जुनं कौशल्य इथे जसंच्या तसं उपयोगी पडेल.

तिसरं, जे थेट जीनपासून सुरू होतं ते. केरासमधल्या जी-१२-सी या बदलासाठी आता गोळ्या आल्यात पण तो बदल आतड्याच्या कॅन्सरमध्ये ३ टक्क्यांच्या आसपासच, जी-१२-डी आणि जी-१२-व्ही जास्त आहेत, त्यांच्यासाठी एसआय-आरएनए (ठरावीक जीन बंद करणारा छोटा आरएनए) लिपिड कणातून न्यायचा प्रयत्न होऊ शकतो. बायोएनटेक कंपनीने रुग्णाच्याच गाठीतले बदल वाचून, त्याची एमआरएनए लिपिडमध्ये गुंडाळून, ऑपरेशननंतर रक्तात ट्यूमर डीएनए सापडणाऱ्या आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णांवर ट्रायल सुरू केली. चीनमधल्या टीमने २०१९ मध्ये फ्युसोबॅक्टेरियम मारणाऱ्या फाजला (जंतूंना मारणाऱ्या व्हायरसला) आयरिनोटेकानचे कण जोडले, कारण हा जंतू गाठीत राहून केमोला दाद न देण्यात मदत करतो हे आधी कळलेलं होतं. या सगळ्यांत आधी प्रश्न आहे, मग कण.

आता हळद. यावर लिहिल्याशिवाय मला हे पत्र संपवता येणार नाही. नॅनो करक्युमिनवर आपल्याकडे किती काम होतं ते तुम्हाला माहिती आहे. करक्युमिन रक्तात टिकत नाही म्हणून ते कणात भरायचं आणि मग साध्या करक्युमिनशी तुलना करायची, फरक येणारच. पण डे-केअरला बसलेल्या माणसाला साधं करक्युमिन कोणी देत नाहीये, त्याला कॅपॉक्स किंवा फॉलफॉक्स ही केमो मिळतेय, तुलना त्याच्याशी पाहिजे किंवा त्याच्यासोबत देऊन पाहिजे. शिवाय २०१८ मध्ये एफएपीच्या ४४ रुग्णांवर नीट डबल-ब्लाइंड ट्रायल झाली, दिवसातून दोनदा १५०० मिलिग्रॅम, वर्षभर, पॉलिपच्या संख्येत आणि आकारात प्लासिबोपेक्षा फरक आला नाही. कॉलेजची प्रेसनोट पेपरात 'हळदीच्या नॅनो कणांनी कॅन्सर बरा होणार' अशी छापून येते, ती व्हॉट्सॲपवर फिरते, आणि मग आमच्याकडे एखादी बाई ऑनलाइन मागवलेल्या नॅनो हळदीच्या कॅप्सूल घेऊन येते आणि विचारते की आता केमोची उरलेली सायकल नाही घेतली तर चालेल का. तिला समजावायला आम्ही आहोत. जी आलीच नाही तिला कोण समजावणार? प्रेसनोट बाहेर जाण्याआधी त्यात 'हे काम अजून उंदरांवर आहे, केमो थांबवू नका' हे वाक्य घाला, ठळक घाला, एवढं तर तुमच्या हातात आहे.

आणि त्रासाबद्दल पण विचारा आम्हाला. ऑक्सॅलिप्लॅटिन घेणाऱ्या माणसाच्या बोटांना मुंग्या येतात, फ्रीजला हात लावला तर करंट बसल्यासारखं होतं, काहींना पुढे शर्टाची बटणं लावता येत नाहीत, शिंपीकाम करणाऱ्या माणसाचं पोट त्या बोटांवर असतं. आयरिनोटेकानने जुलाब इतके होतात की ॲडमिट करायला लागतं. कॅपेसिटाबिनने तळहात-तळपाय सोलतात. गाठ तितकीच कमी झाली पण मुंग्या निम्म्या झाल्या असं औषध तुम्ही बनवलंत तर आम्ही ते डोक्यावर घेऊ. पण असं पेपरमध्ये मोजलेलंच नसतं, उंदराचं वजन आणि लिव्हर एन्झाइम दिले की टॉक्सिसिटी झाली. नर्व्ह कंडक्शन मोजा, थंड प्लेटवर उंदीर ठेवायची टेस्ट आहे ती करा, फार खर्चिक नाहीये.

रुग्णाच्या गाठीतूनच ऑर्गनॉइड (लॅबमध्ये वाढवलेली गाठीची छोटी प्रतिकृती) वाढवता येतात हे २०११ पासून म्हणजे क्लेव्हर्स आणि सातोंच्या कामापासून हळूहळू सगळीकडे पसरलंय. पेशी वाढवायचं मॅट्रिजेल महाग आहे, ग्रोथ फॅक्टर महाग आहेत, हे मला माहिती आहे, कन्झ्युमेबलची ग्रँट संपली की काय होतं तेही माहिती आहे. म्हणून प्रत्येक कॉलेजने करावं असं मी म्हणत नाही, चार-पाच कॉलेजं मिळून एका हॉस्पिटलशी जोडली तरी पुरे. गाइड मंडळींना खास विनंती, विद्यार्थ्याला सिनॉप्सिस लिहायच्या आधी पंधरा दिवस ऑन्कॉलॉजी ओपीडीत पाठवा, ट्यूमर बोर्डच्या मीटिंगला मागच्या बाकावर बसू द्या, पॅथॉलॉजीवाल्यांकडून एक एमएमआरची (डीएनए दुरुस्तीच्या प्रोटीनची) स्लाइड मायक्रोस्कोपखाली बघू द्या. पेपर पाठवताना टेबल एकमध्ये सेल लाइनचं नाव लिहिता तिथेच तिचं एपीसी, केरास, बी-रॅफ, पी-५३, एमएसआय स्टेटस लिहा, एक ओळ लागते. आणि केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाच्या म्हणजे डीबीटीच्या २०१९ च्या नॅनोफार्मास्युटिकल गाइडलाइन पहिल्या वर्षीच वाचून घ्या, थिसिस लिहून झाल्यावर नाही, म्हणजे नंतर कळत नाही की बॅच टू बॅच साइझ बदलतोय म्हणून पुढे काहीच होऊ शकत नाही.

आमच्याकडून काय मिळेल तेही लिहिते. एथिक्स कमिटीची परवानगी आणि रुग्णाची संमती असेल तर ऑपरेशनमधून निघालेला, रिपोर्टसाठी लागून उरलेला टिश्यू बऱ्याच हॉस्पिटलांत वाया जातो, तो मिळू शकतो. ॲसायटिसचं म्हणजे पोटात साठलेलं पाणी आम्ही बाटल्याच्या बाटल्या काढतो, त्यात जिवंत कॅन्सर पेशी असतात. कुठल्या औषधाने कुणाला काय झालं याच्या नोंदी फार्मासिस्टकडे असतात, नाव काढून देता येतात. विचारायला मात्र तुम्हाला यावं लागेल, कारण आमच्यातल्या बहुतेकांना माहितीच नाहीये की शेजारच्या कॉलेजात कोणीतरी याच आजारावर कण बनवतंय. पुढच्या ॲडमिशनच्या बॅचचे विषय जूनपर्यंत ठरतील, त्याआधी जवळच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या फार्मसीत किंवा पॅथॉलॉजीत जाऊन एकदा बोला.

तुमचीच,
केमो डे-केअरमधली एक फार्मासिस्ट